रेडिएटर बॅलन्सिंग : मागची खोली एकदाची गरम

घर इंग्लंडमधल्या लीड्सचं, एका भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतलं. हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा कॉम्बी बॉयलर स्वयंपाकघरात, १५ मिमीचे पाइप, फ्लो (रेडिएटरकडे जाणारं गरम पाणी) आणि रिटर्न (परत येणारं) वेगळे. हॉलचा रेडिएटर आणि बाथरूमचा टॉवेल रेल काही मिनिटांत चटका देतात. वरच्या मागच्या खोलीतला, जिथे सध्या आई राहतेय, तो मात्र तासाभरानेही कोमटच. वरून गार असता तर हवा धरली असती, खालून गार असता तर गाळ. हा वरपासून खालपर्यंत सारखाच कोमट, म्हणजे पाणीच पुरेसं येत नव्हतं. पंपाजवळचे रेडिएटर पाणी ओढून घेतात. पहिल्या चार पानांवरच बासुंदी संपली, तर पंगतीच्या टोकाला काय वाढणार?

सगळ्या टीआरव्हींची (खोलीच्या तापमानानुसार आपोआप उघड-मीट करणाऱ्या व्हॉल्व्हची) डोकी काढली, लॉकशील्ड (रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचे, पाण्याचं प्रमाण ठरवणारे व्हॉल्व्ह) पूर्ण उघडले, घर गार होऊ दिलं आणि हीटिंग लावून कोण कधी तापतं ते लिहून काढलं. टॉवेल रेल पहिला, मागची खोली शेवटी. शेवटच्याचा लॉकशील्ड पूर्ण उघडाच ठेवायचा आणि बाकीच्यांचं पाणी कमी करायचं, हेच बॅलन्सिंग.

खरी गंमत लॉकशील्डमध्येच आहे. प्लास्टिकची टोपी काढली की आत पितळेचा चौकोनी दांडा दिसतो. पूर्ण उघड्यावरून एकेक फेरा आवळत आलात तर बराच वेळ काहीच फरक पडत नाही, कारण जवळजवळ सगळं नियंत्रण शेवटच्या अर्ध्या-पाऊण फेऱ्यात असतं. म्हणून आधी पूर्ण बंद करा आणि मग उघडत या. टॉवेल रेलला पाव फेऱ्याहूनही कमी उघडणं पुरलं. दांड्यावर मार्करची रेघ मारा आणि पुढच्या व्हॉल्व्हला हात लावण्याआधी पाणी स्थिरावू द्या. घाईने पाना फिरवत बसलात तर तापमानाचे आकडे नुसते नाचतात.

इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत क्रोमवर वाट्टेल ते दाखवतो. फ्लो आणि रिटर्न दोन्हीकडे काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून तिच्यावर नेम धरा.

आता वादाचा मुद्दा. ‘फ्लो-रिटर्नमध्ये २० अंशांचा फरक हवाच’ हे मला पटत नाही. माझा फ्लो ५५ आहे. २० चा फरक धरला तर रेडिएटरचं सरासरी तापमान ४५ वर येतं आणि २० अंशांच्या खोलीत ७५ चा फ्लो आणि ६५ चा रिटर्न असताना १००० वॉट देणारा रेडिएटर जेमतेम ४०० देतो. १० चा फरक धरला तर तोच ५०० च्या वर जातो. कंडेन्सिंगसाठी, म्हणजे बॉयलरच्या धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तिची उष्णता वापरात यावी म्हणून, रिटर्न ५५ च्या खाली हवा, जितका खाली तितका बरा. तो दोन्हीकडे आहेच. मग आकड्याच्या हट्टापायी खोली का गारठवायची? फरक सगळीकडे साधारण सारखा असला की झालं.

सध्या मागच्या खोलीत ५४ आणि ४५, हॉलमध्ये ५५ आणि ४६. आई म्हणाली, “अरे, आज पायमोजे काढून बसलेय.” टीआरव्हींची डोकी परत बसवली. हॉलमध्ये थर्मोस्टॅट असल्यामुळे तिथला टीआरव्ही पूर्ण उघडा ठेवलाय. नाहीतर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

पहाटे मात्र मागची खोली अजून मागे पडते. तिथला रेडिएटर टाइप ११, एका पत्र्याचा. त्याच मापाचा दोन पत्र्यांचा टाइप २२ सुमारे पावणेदोनपट उष्णता देतो, पण भिंतीपासून तीन-चार सेंटीमीटर जास्त पुढे येतो. दार त्याला घासतं का, ते आता मोजायचंय.