ठेकेदाराला मिळालेली ट्रॉली बॅग

मी महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. अपघात होता होता राहिला तर तो कार्डावर लिहून पेटीत टाकायचा, याला आमच्याकडे 'निअर मिस' म्हणतात. कल्पना उत्तम आहे. पण प्रत्येक खात्याला महिन्याचं टार्गेट लावलं की महिनाअखेरीला पेटीत काय पडतं, ते कुठल्याही सेफ्टीवाल्याला विचारा. 'जिन्यावर पाणी सांडले होते.' 'हेल्मेटचा पट्टा लावला नव्हता.' एकाच पेनाने, एकाच अक्षरात, गठ्ठाभर.

अशा गठ्ठ्यात फेब्रुवारीत एक खरं कार्ड निघालं. लिहिलं होतं शिफ्ट इनचार्जने, पण पाहिलं होतं टँकर यार्डातल्या एका हेल्परने. ठेकेदाराचा माणूस, पन्नाशी उलटलेली, राहायला दिघ्याला. सगळे त्यांना मामा म्हणतात.

टोल्यूइन नावाच्या ज्वलनशील द्रवाचा टँकर खाली करायचा होता. टोल्यूइनमधून वीज जवळजवळ वाहत नाही, त्यामुळे होजमधून जाताना त्यात स्थिर विद्युत साठत जाते. ती जमिनीत उतरावी म्हणून आधी टँकरला अर्थिंगची क्लिप लावतात. या द्रवाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, साधारण ४ अंश सेल्सिअस. म्हणजे नवी मुंबईत बारा महिने त्याची वाफ ठिणगीची वाट बघत असते. त्या दिवशी क्लिप लावलेली होती. चेकलिस्टवर टिक होती, ऑपरेटरची सही होती. मामांना दिसलं की क्लिप चॅसीच्या ताज्या रंगावर बसलीय, तिचे दात लोखंडापर्यंत पोचलेलेच नाहीत. ते व्हॉल्व्हसमोर उभे राहिले. ड्रायव्हरने शिव्या घातल्या. ऑपरेटर, जो कंपनीचा कायम कामगार आहे, म्हणाला, "तू झाडू मार." मामा हलले नाहीत. इनचार्ज आला, मीटर लावला, तर जोडणीच नव्हती.

(अर्थिंग लागल्याशिवाय पंपच सुरू होऊ नये, अशी इंटरलॉक असलेली यंत्रणा बाजारात मिळते. माझा प्रस्ताव दर बजेटला 'पुढच्या वर्षी' जातो.)

राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली ४ मार्चला स्थापन झाली, म्हणून तो सुरक्षा दिन. परिषदेचं कार्यालय इथेच सीबीडी बेलापूरला आहे. झेंडा, हिरवे बिल्ले, प्रतिज्ञा आणि बक्षिसं असा आमचा कार्यक्रम ठरलेला. बक्षिसांच्या यादीत मी मामांचं नाव सगळ्यात वर दिलं. आदल्या दुपारी एचआरचा फोन आला, "ते नाव काढ रे, कंत्राटी आहे."

मी भांडायला गेलो. पण त्यांचं कारण माजोरडेपणाचं नव्हतं, भीतीचं होतं. कंत्राटी कामगार उद्या कोर्टात गेला आणि म्हणाला की ठेका नुसता कागदावर आहे, मी कंपनीचाच माणूस, तर? २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की ठेका दिखाऊ ठरला तर कामगार मूळ मालकाचाच धरायचा. २०१४ च्या एअर इंडिया कॅन्टीनच्या निकालात कसोट्या दिल्या आहेत: नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, कामावरून कोण काढतं, कारवाई कोण करतं, देखरेख आणि ताबा कोणाचा. कंपनीच्या लेटरहेडवर 'उत्तम कामाबद्दल' असं छापलं की आमच्या वकिलाला त्यात देखरेख दिसते. म्हणून कंपनीने ओरडायचंही नाही आणि शाबासकीही द्यायची नाही. दोन्ही ठेकेदाराचं काम. ओरडायचं तेवढं तो करतो.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात एम्प्लॉयी एंगेजमेंटचा, म्हणजे कर्मचाऱ्यांचं मन कामात किती आहे याचा, सर्व्हे झाला होता. गॅलप या सर्वेक्षण कंपनीच्या बारा प्रश्नांपैकी एक त्यात होता: गेल्या सात दिवसांत चांगल्या कामाबद्दल तुमचं कौतुक झालं का? लिंक कंपनीच्या ईमेलवर आली. गेटमधून आत येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त ठेकेदाराची माणसं, त्यांना ईमेलच नाही. निकालाच्या तक्त्यात आमचा प्लांट हिरवा.

तर ४ मार्चला 'टँकर यार्डातील सतर्कतेबद्दल' बक्षीस ठेकेदाराच्या फर्मला मिळालं. मालक पांढऱ्याशुभ्र शर्टात वाशीहून आले. टँकर यार्ड कुठल्या बाजूला आहे, हे त्यांनी मलाच विचारलं. त्यांना ट्रॉली बॅग मिळाली. मामांनी मागच्या रांगेतून टाळ्या वाजवल्या.

चहा झाल्यावर प्लांट हेडनी सगळ्या ऑपरेटरांना यार्डात नेलं. भाषण नाही, काही नाही. "मामा, दाखवा यांना." मामांनी कानशीने रंग खरवडला, क्लिप लावून हलवून बघितली, मग मीटर लावायला सांगितलं. तो 'झाडू मार'वाला पहिल्या रांगेत होता. प्लांट हेडनी एकच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"वेल्डिंगला हेल्पर होतो साहेब. अर्थ रंगावर लावली की आर्क पकडत नाही."

त्याच संध्याकाळी चेकलिस्ट बदलली. 'क्लिप उघड्या धातूवर, मीटरने तपासली' अशी ओळ वाढली. एचआरवाला लांब उभा राहून फोटो काढू नका म्हणून सांगत होता. पोस्टरांवर आणि ऑफसाइट ट्रेनिंगवर होणारा खर्च बघता मला प्लांट हेडची ती दहा मिनिटं फार मोलाची वाटतात. त्यांनी वकिलाचा शब्द मोडला नाही आणि मामांचा मान राखला, असं मी घरी येऊन सांगितलंसुद्धा.

मग दुसऱ्या दिवशी मामा भेटले. मी विचारलं, कसं वाटलं? "बरं वाटलं साहेब. पण एखादा कागद मिळाला असता तर... ठेकेदार बदलला की मी परत नवा."

आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो. माणसं तीच, गेटपास नवा, नोकरीची वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मामांना तो कागद भिंतीवर लावायला नको होता, पुरावा म्हणूनच हवा होता. म्हणजे वकील घाबरला ते उगाच नाही. तेव्हापासून मला त्या यार्डातल्या दहा मिनिटांचा हिशेब लागत नाहीये.

आताचं कंत्राट जूनमध्ये संपतंय. नव्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला मी मामांबद्दल सांगितलं, टँकरचा किस्साही सांगितला. त्याने वय विचारलं.