बर्गहाइम ते कायझर्सबर्ग : आल्सासच्या द्राक्षमळ्यांतून एक धाव

ठाण्यात राहून चढाचा सराव करायचा, तर उपवन तलावापासून येऊरपर्यंतचा रस्ता हाच आमच्या गटाचा आधार आहे आणि नवी मुंबईतील मंडळींना खारघरची टेकडी आहे. दोन्हीकडचा हिशेब सोपा असतो : एकदा छातीचा भाता होईपर्यंत चढायचे, माथ्यावर पाणी प्यायचे आणि आल्या वाटेने उतरायचे. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील आल्सास प्रांतात मात्र हा हिशेब चालत नाही. तेथील द्राक्षमळे समुद्रसपाटीपासून साधारण 200 ते 400 मीटरच्या पट्ट्यात आहेत, म्हणजे नकाशा पाहून कोणाही सह्याद्रीवाल्याला हसू यावे इतपतच उंची. पण व्होज पर्वतातून निघणारे ओढे जेथे ऱ्हाईनच्या मैदानात उतरतात, त्या खिंडींच्या तोंडाशी जुनी गावे वसलेली आहेत आणि दोन गावांच्या मधे डोंगराची एकेक सोंड मैदानाकडे उतरलेली आहे. सोंडेवर द्राक्षे, खोबणीत गाव. त्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावात जायचे म्हणजे प्रत्येक वेळी सोंड चढायची आणि पुन्हा खाली यायचे. चढ कोणताच मोठा नसतो, परंतु तो संपल्याचे समाधानही कधी मिळत नाही.

आमच्या गटातील एक काका आणि मी गेल्या सप्टेंबरात रिबोविले या गावी मुक्कामाला होतो. त्यांची साठी उलटली आहे, पण ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये ते अजूनही तरुणांना मागे टाकतात. आम्ही ठरवलेला मार्ग उत्तरेकडील बर्गहाइमपासून सुरू होऊन रिबोविले, हुनावीर, रिकवीर आणि किन्त्झाइम या गावांतून कायझर्सबर्गला संपत होता. अंतर साधारण 15 किलोमीटर. आल्सासचा प्रसिद्ध वाइन मार्ग 1953 साली आखला गेला आणि तो सुमारे 170 किलोमीटर लांब आहे, परंतु तो मोटारींचा रस्ता आहे. धावणाऱ्याने त्याच्या वरच्या अंगाने, मळ्यांमधून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या वाटा धराव्यात. या वाटांवर डोंगरभ्रमण मंडळांनी रंगीत खुणा लावलेल्या आहेत आणि त्या इतक्या नेमक्या आहेत की मोबाइल खिशातून काढण्याची वेळ क्वचितच येते.

बर्गहाइमची तटबंदी बरीचशी शाबूत आहे आणि तिच्या भोवती फेरी मारता येते. अंग मोकळे करण्यासाठी यापेक्षा बरी जागा नाही. वेशीबाहेर लिंडनचा एक अतिवृद्ध वृक्ष आहे, त्याला प्रदक्षिणा घालून आम्ही दक्षिणेकडे वळलो. रिबोविलेच्या डोक्यावर तीन पडके किल्ले एकाच डोंगरावर दिसतात. वर जाण्याचा मोह होतो, पण ती वाट जंगलातली आणि खड्या चढाची आहे, तिच्यासाठी वेगळी सकाळ राखून ठेवावी.

नाशिकच्या द्राक्षबागा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला येथे पहिली गोष्ट जाणवते ती सावलीची. आपल्याकडे मांडवावर किंवा वाय पद्धतीच्या आधारावर वेल पसरलेला असतो आणि घड खाली लोंबत असतात. येथे ताटीसारख्या उभ्या तारांवर वेल चढवलेला असतो, घड मांडीच्या किंवा कमरेच्या उंचीवर असतात आणि दोन ओळींमधल्या गवतावर सरळ ऊन पडते. आपला बागायतदार एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो, येथे हिवाळ्यात वेल झोपी जातो आणि मुख्य छाटणी तेव्हाच होते. पाऊस अडण्याचे कारण मात्र दोन्हीकडे एकच. सह्याद्रीने इगतपुरीला अडवलेला पाऊस निफाडपर्यंत जेमतेम पोहोचतो, तसेच पश्चिमेकडून येणारे ढग व्होज पर्वत अडवून धरतो. म्हणून कोल्मार शहरात वर्षाला सुमारे 600 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या ठाण्यात तेवढा एकट्या जुलैत पडून जातो. सकाळी हवा कोरडी आणि गार होती. येऊरला दोन किलोमीटरांत गंजी पिळून घ्यावी लागते, येथे पाचव्या किलोमीटरलाही काकांचा रुमाल कोरडाच होता.

हुनावीरचे चर्च गावाबाहेर, द्राक्षांच्या मधोमध एका उंचवट्यावर आहे आणि त्याच्या दफनभूमीभोवती बुरुजांसह षट्कोनी तट आहे. संकटाच्या वेळी गावकरी याच तटाच्या आत आसरा घेत. गावातील छपरांवर पांढऱ्या करकोच्यांची काटक्यांची घरटी दिसतात. 1970च्या दशकात या प्रांतात करकोच्यांच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या आणि त्यांच्या संवर्धनाचे एक केंद्र याच गावात उभे राहिले.

पुढे रिकवीरपर्यंतचा तुकडा लहान आहे, पण या मार्गावरील सर्वांत बोलका आहे. वाट श्योनेनबुर्ग या नावाजलेल्या उताराच्या अंगाने जाते. येथे माती चुनखडीमिश्रित, चिकणमातीची आहे. आदल्या रात्री शिंतोडे पडून गेले असल्याने बुटांच्या तळाला तिचे थर चढत होते आणि दर शंभर पावलांवर गवतात बूट घासावे लागत होते. तोडणी सुरू होती. माणसे ओळीच्या दोन्ही बाजूंना वाकून कात्रीने घड कापत होती, बादल्या भरत होती, आणि अरुंद ट्रॅक्टर ओळीच्या टोकाशी उभा होता. आम्ही वाट सोडून थांबलो, कारण ती वाट त्यांच्या कामाची होती. “घे रे, एक मणी चाखून बघ,” असे काका हळूच म्हणाले. “काका, नको, नाशिकला कोणी असे केले तर आपणच बोंब मारू,” असे मी म्हटल्यावर ते हसले आणि पुढे निघाले.

या उतारावरून मैदानाकडे पाहिले की इतिहास छपरांच्या रंगावरून वाचता येतो. रिकवीरची छपरे जुनी, काळसर, एकमेकांना चिकटलेली आहेत. त्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर असलेल्या मिटेलवीर आणि बेनवीर या गावांची घरे नवी व ऐसपैस दिसतात. 1944-45च्या हिवाळ्यात कोल्मारच्या परिसरात जी लढाई झाली, तिच्यात ही गावे उद्ध्वस्त झाली आणि रिकवीर वाचले. 1291 साली उभारलेला डोल्डर बुरूज म्हणूनच आजही पर्यटकांच्या छायाचित्रांत येतो. मला मात्र रिकवीर थोडे जास्तच नटवलेले वाटले. दहा वाजल्यानंतर तेथील मुख्य रस्त्यावर धावणे दूरच, चालणेही कठीण होते. ठाण्याच्या राम मारुती रोडवरची दिवाळीची खरेदी आठवते. नऊच्या आत वेशीतून बाहेर पडावे आणि बेकरीतून मनुका व बदाम घातलेला कुगेलहोफ हा केक तेवढा घ्यावा. कारंज्याचे पाणी भरण्याआधी पाटी वाचावी, कारण सर्वच कारंजी पिण्याच्या पाण्याची नसतात.

रिकवीरच्या दक्षिणेची सोंड ओलांडणे हा या मार्गावरचा सर्वांत लांब चढ आहे. तो उतरल्यावर किन्त्झाइम लागते. तेथील वेशीवर जीभ बाहेर काढून वेडावणारे एक कोरीव मुंडके आहे, चालून येणाऱ्या शत्रूला चिडवण्यासाठी बसवलेले. काकांनी त्याला तितक्याच मनोभावे वेडावून दाखवले.

येथून कायझर्सबर्गपर्यंत श्लोसबर्गचा उतार सोबतीला असतो. आल्सासमध्ये ज्या 51 मळ्यांना ‘ग्रां क्रू’ हा सर्वोच्च दर्जा आहे, त्यांतील तो पहिला. हा मान त्याला 1975 साली मिळाला. येथे ग्रॅनाइट आहे. रिकवीरची चिकट माती संपून पायांखाली खरखरीत, दाणेदार वाळू येते, दगडी बांधांच्या पायऱ्या दिसू लागतात आणि पाऊल घसरते ते पुढे नव्हे, तर बाजूला. ट्रेलचे बूट नसतील तर येथे वेग कमी करावा.

कायझर्सबर्ग हे शांततेचे नोबेल मिळालेले डॉक्टर आल्बर्ट श्वाइत्झर यांचे जन्मगाव (1875). वाइस नदीवरच्या तटबंदीयुक्त पुलावर आम्ही घड्याळे थांबवली.

हा मार्ग उलट दिशेने धावू नये, असे माझे मत आहे. तसे केले तर सर्वांत लांब चढ सुरुवातीलाच, थंड स्नायूंनी करावा लागतो आणि रिकवीरला पोहोचेपर्यंत बसगाड्या येऊन थडकलेल्या असतात. शिवाय कायझर्सबर्गहून कोल्मारला परतायला बस मिळते. रविवारी फेऱ्या कमी असल्याने शनिवार निवडावा. सप्टेंबरात जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी एक चौकशी अवश्य करावी : तोडणीच्या दिवसांत काही गावांच्या हद्दीतील मळ्यांच्या वाटा बाहेरच्यांसाठी बंद ठेवतात, आणि तशी पाटी दिसली तर खालच्या सायकल मार्गाने वळसा घेणेच योग्य.