लागवडीच्या पहिल्या हंगामाची तयारी

रोप लावायला दोन मिनिटंही लागत नाहीत. खरी तयारी असते ती जूनच्या आधीची, आणि तीही निम्मी कुदळीशी, निम्मी मुकादमाशी!

यंदा मी पहिल्यांदाच आमच्या पुरंदरमध्ये डोंगरउतारावरच्या झाडांच्या लागवडीला गेले. टोळीत काकू जुनी. तिने आधीच बजावलं, "खड्डा केवढा नि भाव कसा, हे ठरल्याबिगर कुदळ उचलू नको." रोजावर काम असेल तर प्रश्न नाही. पण खड्ड्यामागे पैसे असतील तर माप बघायलाच हवं. ४५ सेंटीमीटरचा खड्डा आणि ६० चा, बघायला फार फरक वाटत नाही. पण लांबी, रुंदी, खोली तिन्ही वाढतात, त्यामुळे माती सव्वादोनपटीहून जास्त उपसावी लागते. भाव काही त्या पटीत वाढत नाही.

एप्रिलपासून घरामागच्या मुरमात रोज थोडं खणायला लागले. तळहाताला फोड आले, फुटले, मग घट्टे पडले. कामावर फोड येण्यापेक्षा घरी आलेले बरे. कुदळीचा दांडा सैल झाला की रात्रभर ती पाण्यात बुडवून ठेवायची, लाकूड फुगून दांडा पक्का बसतो. दुपारच्या उन्हात तो परत हलायला लागतो, म्हणून मी शेवटी पाचरच ठोकून घेतली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. दगड हाताने उचलायचा नाही, आधी पहारेने उलटायचा, हेही काकूनेच शिकवलं. खाली विंचू असतो, कधी फुरसं.

मे महिन्यात उजाडताच काम सुरू, ऊन चढलं की बंद. खणताना वरची काळसर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना तीच वरची माती शेणखतात कालवून आत जाते. मुरमाचा उताराच्या बाजूला अर्धगोल बांध घालायचा, म्हणजे पाणी अडतं. ढीग एकत्र झाले तर मुकादम परत वेगळे करायला लावतो, त्याचे पैसे नाहीत.

वळीव झाला की सगळ्यांना घाई सुटते. पण त्या पावसाने वरची धूळ तेवढी बसते. मृग ७-८ जूनला निघतो, तो नीट बरसला तरी एखादा खड्डा उकरून ओल वीतभर खाली गेलीय का ते बघायचं, मगच रोपं मागवायची.

रोप उचलायचं ते पिशवीला धरून, खोडाला नाही. पिशवी ब्लेडने उभी चिरायची, तळाशी वेटोळं झालेली मुळं छाटायची, मातीचा गड्डा न फोडता रोप खड्ड्यात बसवायचं आणि कडेची माती पायाने दाबायची. करंज सोसतो, आवळ्याला जरा जपावं लागतं. आणि रिकामी पिशवी तिथे टाकून पुढे जायचं नाही, कमरेच्या झोळीत ठेवायची. संध्याकाळी मुकादम पिशव्या मोजतो आणि त्यावरच दिवसाची मजुरी लिहितो.