गाळाची तपासणी अडली ती एका फॉर्मवर, माझा अनुभव

प्रदूषित किनाऱ्यावरच्या गाळाने समुद्री कृमींच्या तब्येतीवर काय होतं, हा माझा प्रोजेक्ट होता. नेरीस म्हणजे आपल्या गांडुळाचाच समुद्रातला भाऊबंद. किडे आणले, गाळ आणला, टाक्या लावल्या, सगळं भराभर झालं. अडलं ते गाळातले धातू मोजायला गेल्यावर, आणि ते आठवलं की अजूनही डोकं तापतं.

तपासणीच्या लॅबच्या फॉर्मवर प्रश्न होता, नमुन्यात घातक पदार्थ आहेत का. मी खरं ते लिहिलं, असावेत. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला, किती आहेत ते लिहा आणि रिपोर्ट जोडा म्हणाल्या. मी म्हटलं मॅडम, तेच मोजायला आलेय. तर म्हणे मग आधी दुसरीकडून रिपोर्ट आणा. दुसऱ्या खेपेला साहेब जागेवर नव्हते, तिसऱ्या खेपेला फॉर्म जुना निघाला, नवा भरा. रांगेतल्या एकाने सांगितलं 'नाही' लिहून टाका, कोण बघतंय. पण काळ्या गाळात सल्फाइड, म्हणजे गंधकाचं संयुग असतं, त्यावर ॲसिड पडलं की विषारी वायू निघतो, डबा उघडणाऱ्या माणसाला आधी कळायला नको का? मी 'नाही' असं लिहिलं नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

राग नुसत्या हेलपाट्यांचा नव्हता, गाळ थांबत नाही याचा होता. तांबं, जस्त, कॅडमियम या सल्फाइडला चिकटून बसलेले असतात. हवा लागली की सल्फाइड मोडतं, धातू सुटे होतात, मग आपण मोजतो ते किनाऱ्यावरच्या गाळातलं राहतच नाही. म्हणून डबा काठोकाठ भरायचा, अंधारात 4 अंशांवर ठेवायचा, सल्फाइड 14 दिवसांच्या आत मोजायचं आणि किड्यांची टेस्ट शक्यतो 2 आठवड्यांत सुरू करायची, फार तर 8. माझे डबे फ्रिजमध्ये, मी खिडकीपाशी, आणि 19 वा दिवस उजाडला.

शेवटी आतल्या टेक्निशियनने सांगितलं, विभागाच्या लेटरहेडवर 'धातू संशयित, प्रमाण अज्ञात, सल्फाइडयुक्त गाळ, फ्यूमहूडमध्येच उघडावा' असं लिहा आणि गाईडची सही घ्या. फ्यूमहूड म्हणजे विषारी वायू बाहेर ओढून घेणारं लॅबमधलं कपाट. पाच मिनिटांत फॉर्म घेतला! ही एक ओळ खिडकीवर लावून ठेवली असती तर? सल्फाइडचा आकडा मात्र टाकून द्यावा लागला, गाळ परत आणला. तेव्हा सांगते, आधी लॅबची तपासणीची तारीख हातात घ्या, मग चिखलात उतरा.

किड्यांचं सांगायचं तर, स्वच्छ गाळावर सोडला की नेरीस तोंड खुपसतो आणि बघता बघता शेपटीसकट दिसेनासा होतो. घाण गाळावर मात्र तोच किडा वरच वळवळत राहिला, तोंड घातलं, काढलं, परत घातलं, मी स्टॉपवॉच धरून बसलेली. दहाव्या दिवशी सगळे जिवंत होते. नुसते मेलेले मोजणारा 'परिणाम नाही' लिहून मोकळा झाला असता. पण खाणं कमी झालेलं, वाढ खुंटलेली, आणि अंगातल्या द्रवातल्या पेशींना न्यूट्रल रेड रंग दिला तर निरोगी पेशी तो लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतला कचरा जिरवणाऱ्या पिशव्यांत, धरून ठेवतात, यांच्या पेशींतून तो लवकर गळून सगळीकडे पसरला. ते मायक्रोस्कोपखाली स्वतः बघितलं तेव्हा कुठे वाटलं, हेलपाटे फुकट नाही गेले.

तुलनेचा स्वच्छ गाळही तितकाच बारीक घ्या, कारण धातू 63 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांनाच जास्त चिकटतात. गाळातला अमोनियाही मोजा, नाहीतर किडे त्याने मरतात आणि दोष धातूंवर जातो. किडे घाण जागेवरून आणू नका, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या रेस्ट्राँगेट क्रीक या खाडीतल्या नेरीसना तांबं सोसायची सवय झालेली असते हे 1971 पासून माहीत आहे. एका भांड्यात दाटीने ठेवू नका, एकमेकांना चावतात.

आणि किड्याच्या अंगातले धातू मोजणार असाल तर आधी त्याला स्वच्छ पाण्यात ठेवून पोट रिकामं होऊ द्या, मी पहिल्या वेळी विसरले आणि पोटातला गाळच मोजून बसले.