डाग एवढासा, पण वाटा लांबच्या

माझ्या फिट्स कुणाला फिट्स वाटायच्याच नाहीत. पोटातून काहीतरी वर चढायचं आणि मग मिनिटभर मी हरवायचे. ओठ चाटत, ओढणीशी चाळा करत बसायचे म्हणे. दोन औषधं नीट घेऊनही त्या थांबेनात, म्हणून शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तपासण्या सुरू झाल्या. अपस्मार असलेल्या साधारण तीनपैकी एकाला औषधं पुरत नाहीत, हे तेव्हा कळलं.

एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला मदत करणारा मेंदूतला छोटा भाग, आक्रसलेला दिसला. जागा एवढीशीच. मग बोलता बोलता माझे शब्द का गळतात? बहीण म्हणायची, "ताई, तुझं लक्षच नसतं."

उत्तराच्या जवळ नेलं ते फंक्शनल एमआरआयने, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीने. डोक्याभोवती पिंजरा, कानांत बोळे, डोळ्यांवर आरसा. आरशात अक्षर दिसलं की त्यावरून शब्द मनातल्या मनात आठवायचे, जीभ हलवायची नाही. 'क' आला: कपाट, कंदील, कबुतर. 'म' आला आणि काहीच सुचेना. तीस सेकंद नुसता 'म' बघत राहिले. डोळे भरून आले, पण पुसायला हात हलवता येईना.

नंतर सांगितलं, आता काहीच करू नका, फक्त जाग्या राहा. एकमेकांपासून लांब असलेल्या भागांतली रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी अशा निवांतपणीही एका लयीत वरखाली होते. ज्यांची लय जुळते ते एका जाळ्यातले. १९९५ मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं गेलं. डीटीआय हा एमआरआयचाच आणखी एक प्रकार; त्यात मेंदूतलं पाणी मज्जातंतूंच्या दिशेने कसं सरकतं, त्यावरून मेंदूतल्या वाटा रेखतात.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: शब्द आठवताना माझ्या डाव्या बाजूबरोबर उजवीकडेही ठिपके पेटले होते. डाव्या टेम्पोरल, म्हणजे कानाजवळच्या, भागातून फिट्स येणाऱ्यांत भाषा कधीकधी अशी पलीकडे सरकते. ते म्हणाले, "फिट एका जागी सुरू होते, पण पसरते जाळ्यातून." २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात तर २,१४९ रुग्णांचे एमआरआय एकत्र पाहिले, तेव्हा वेगवेगळ्या प्रकारच्या अपस्मारांतही थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेलं संदेश पुढे पाठवणारं केंद्र, लहान आढळला होता. अर्थात असे निष्कर्ष सरासरीचे असतात, आणि बदल आधी की फिट्स आधी, हे एका चित्रावरून ठरत नाही, हेही त्यांनी बजावलं.

मी बहिणीला ते ठिपके दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे तू इतकी वर्षं पलीकडून शब्द आणत होतीस?"

स्मरणशक्तीची लेखी चाचणी अजून बाकी आहे. येताना फिट्सची वही आणायला सांगितलंय.