मसाल्याआधी बटाटा

छोट्या वेफर्स कारखान्यांना मी प्रक्रियेचा सल्ला देतो. त्या दिवशी बोलावणं होतं नव्या चवींसाठी. सुट्या खाऱ्या वेफर्सवर फारसं सुटत नाही. मसाला लावून छापील पाकिटांत विकले तर किलोमागे बरंच जास्त सुटेल, असा मालकीणबाईंचा हिशोब. हिशोबात खोट नव्हती. मी मसाल्याचे नमुने घेऊनच गेलो.

पहिला घाणा निघाला तोच तपकिरी. कडा काळपट, चव कडवट.

"तेल बदलतो, साहेब," कारागीर म्हणाला. तेल ताजं होतं, तापमान 175 अंश. कच्च्या कापाला ग्लुकोज तपासायची पट्टी लावली, तर तिचा रंग बघता बघता गडद झाला. बटाटा शीतगृहातला, स्वस्तात मिळाला म्हणून उचललेला. तिथे तापमान 4 अंश. एवढ्या गारठ्यात बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तीच अमिनो आम्लांशी मिळून करपट रंग धरते. 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ज्याची बातमी दिली, ते अ‍ॅक्रिलामाइडही (कर्करोगाचा धोका वाढवू शकेल असं मानलं जाणारं रसायन) याच वाटेनं तयार होतं. वेफर्सचा बटाटा म्हणूनच 8 ते 10 अंशांवर ठेवतात.

"मसाल्याखाली झाकला जाईल ना हो?" बाईंनी विचारलं.

"रंग झाकला जाईल, कडवटपणा नाही जायचा."

मग बादलीत दहा लिटर पाण्यात सव्वा किलो मीठ विरघळवलं आणि त्यात बटाटे सोडले. बरेचसे तरंगले. तरंगणारा बटाटा म्हणजे पाणी जास्त, घनांश कमी. तळताना पाणी उडतं, त्या जागी तेल शिरतं. चांगल्या बटाट्याचेही चार किलोला जेमतेम किलोभर वेफर्स पडतात. या मालात उतारा आणखी घटणार आणि तेल जास्त पिणार. बाई आतापर्यंत मसाल्याचा खर्च ग्रॅमात मोजत होत्या, तेलाचा मात्र डब्यात. (हे मी जवळपास सगळीकडे पाहतो.)

शेवटी ठरलं ते असं: तरंगलेला माल भाजीवाल्याला द्यायचा. बुडालेला दोन-तीन आठवडे 15 ते 20 अंशांच्या खोलीत, अंधारात ठेवायचा. साखर बरीच उतरते, तरी सगळी उतरेलच असं नाही, म्हणून पुन्हा पट्टी लावूनच कढईत सोडायचा. पुढची खरेदी पोतं फोडून, मिठाच्या पाण्यात तपासून.

पाकिटांच्या छपाईची ऑर्डर बाईंनी माझ्यासमोरच फोन करून थांबवली. मसाल्याचे नमुने मात्र ठेवून घेतले.