पायातले झटके, बॅक्लोफेन वगैरे

मणक्याच्या टीबीतून उठलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, चालता येतं का आता? येतं, वॉकर घेऊन, घरातल्या घरात. रात्री झोप लागते का हे मात्र कोणी विचारत नाही आणि खरी बोंब तिथेच आहे.

माझा टीबी छातीमागच्या मणक्यात होता, डी 8-9, पू साठून मज्जारज्जूवर दाब आला, मग ऑपरेशन, मग टीबीच्या गोळ्यांचा लांबलचक कोर्स, टीबी गेला पण दाबाने जे नुकसान व्हायचं ते झालंच. आता आडवं झालं आणि पायावरून नुसती चादर ओढली तरी उजवा पाय गुडघ्यात मुडपून पोटाकडे येतो, नाहीतर दोन्ही पाय ताठ होऊन एकमेकांवर चढतात. व्हीलचेअरच्या फूटरेस्टवर चवडा टेकला की टाच शिलाई मशीनसारखी थडथडथड सुरू. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आमच्या आत्याने देवाला नारळ बोलला, पाय हलला म्हणून!

तसं नसतं हो आत्या. मेंदूकडून पायाला 'हल' असा निरोप जातो तसा 'पुरे, थांब' असाही सतत जात असतो, आणि मज्जारज्जूला इजा झाली की हा थांबवणारा निरोप खाली नीट पोचत नाही, मग खालच्या नसा जरा काही लागलं, ताणलं, की आपल्या मनाने पाय आवळून टाकतात. म्हणून केळी खा, कॅल्शियम घे, मॅग्नेशियम घे हे सल्ले (रोज येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तर जास्तच) इथे फारसे कामाचे नाहीत, पोटरीत रात्री गोळा येतो तो प्रकार वेगळा.

मला यातून कळलेली कामाची गोष्ट म्हणजे झटके अचानक वाढले तर गोळी वाढवायच्या आधी कारण शोधायचं. कमरेखाली नीट संवेदना नाही, त्यामुळे तिथे काही दुखत असलं तरी आपल्याला कळत नाही, पण पायाला कळतं. लघवी तुंबलीय का, युरिन इन्फेक्शन आहे का, पोट साफ झालंय का, पायाचं नख आत रुतलंय का, माकडहाडावर लाल चट्टा आलाय का, मोज्याचं इलॅस्टिक काचतंय का, अगदी खिशात किल्ली राहिलीय का इथपर्यंत बघतो. माझ्याकडे बहुतेक वेळा युरिन निघतं. बायको आता झटके बघूनच म्हणते, युरिन कल्चरला (जंतू तपासायला) देऊन ये. थंडीत तर वाढतातच, पण म्हणून गरम पाण्याची पिशवी पायावर ठेवू नका, भाजलेलं कळत नाही आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही.

गोळ्यांचं सांगायचं तर मी बॅक्लोफेनवर आहे, आवळलेले स्नायू सैल करणारी गोळी. साधारण 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. जास्त झाली की दिवसभर पेंग येते, आणि गंमत म्हणजे पाय इतके सैल पडतात की उभंच राहता येत नाही, कारण त्या कडकपणाच्या जिवावरच तर मी वॉकर धरून उभा राहतो! म्हणून झटके शून्य करा असा हट्ट डॉक्टरकडे धरू नका. आणि बॅक्लोफेन एकदम बंद करायची नाही, कधीच नाही, फिट्स येऊ शकतात, भास होतात, त्यामुळे दिवाळीत मेडिकल बंद असेल तर आधीच स्ट्रिप आणून ठेवा.

त्याच कामाची दुसरी गोळी टिझॅनिडीन, तिच्यावर असताना लिव्हरची टेस्ट करत राहावी लागते, टीबीच्या गोळ्याही लिव्हरवरच येतात त्यामुळे दोन्ही एकत्र असतील तर जास्तच सांभाळून. पण आपल्यासारख्या मज्जारज्जूला इजा झालेल्या मंडळींनी खास लक्षात ठेवायचं ते वेगळंच, टिझॅनिडीन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घ्यायचं नाही, रक्तात टिझॅनिडीन भयंकर वाढतं आणि बीपी धाडकन खाली येतं. आणि युरिन इन्फेक्शनला सिप्रोफ्लॉक्सासिन किती सर्रास देतात ते तुम्हाला माहितीच आहे. नवीन डॉक्टर असला की चालू गोळ्यांची चिठ्ठी आधी पुढे करायची. गोळ्यांनी भागलं नाही तर बोटॉक्सचं इंजेक्शन आहे, पोटात बसवायचा बॅक्लोफेनचा पंपही आहे, पण पंपाचा खर्च ऐकून आपण गप्प घरी येतो.

बाकी रोजचं म्हणजे स्ट्रेचिंग. पाय झटका देत असताना जोर लावून ओढायचा नाही, जेवढं ओढाल तेवढा तो उलटा ताणतो, टाचेला आणि गुडघ्याला हात देऊन शांतपणे, हळू वाकवायचा आणि सैल पडेपर्यंत धरून ठेवायचा. खसाखसा तेल चोळणाऱ्या काकांना लांबूनच नमस्कार, माझा पाय तर त्याने जास्तच चवताळतो. संध्याकाळी अर्धा तास पालथं पडतो, मांडीचा पुढचा भाग ताणला जातो, आणि नी-ब्रेस लावून ओट्याला टेकून उभा राहतो, तेवढ्यात कोथिंबीर निवडून होते. ज्या दिवशी हे दोन्ही होतं त्या रात्री चादर ओढायला बायकोची परवानगी लागत नाही.